एक शेळी, दोन जिल्हे

आदिलाबादला मी गेले ते एका शेळीमुळे. लोक तिकडे धबधबे बघायला जातात, जंगल बघायला जातात, कुणाची बदली होते म्हणून कपाळाला हात लावत जातात. मला मात्र एका पांढऱ्या कानाच्या शेळीची चौकशी करायला पाठवलं होतं, आणि जाण्यायेण्याचा खर्चही मिळणार होता.

त्याचं असं झालं. मी पुण्यात जाहिरातपटांचं संकलन करते. म्हणजे दुसऱ्यांनी उन्हातान्हात चित्रित केलेलं मी थंडगार खोलीत बसून कापते आणि जोडते. आमच्या धंद्यातल्या लोकांची एक छोटी संस्था आहे. ती दरवर्षी एका नव्या दिग्दर्शकाला पुरस्कार देते आणि मुंबईतल्या एका कंपनीत सहा महिने काम शिकायला ठेवते. इतकी वर्षं हा नवा दिग्दर्शक न चुकता अंधेरी ते वांद्रे एवढ्या पट्ट्यातच सापडायचा, आणि त्याचा कुणी ना कुणी काका धंद्यात असायचा. शेवटी आमच्या निवड समितीचे अध्यक्ष दातारसर वैतागले. "बाकीच्या देशात कुणाला काही सुचतच नाही का?" असं म्हणून त्यांनी त्या वर्षी गावोगावच्या केबलवर आणि फोनवर फिरणाऱ्या दुकानांच्या जाहिराती मागवल्या.

आलेल्या ढिगात एक भांड्यांच्या दुकानाची होती. बाजारहत्नूरहून शारदा नावाच्या बाईनं पाठवलेली. एक बाई दुकानात बसून पाणी भरायची एकेक गुंडी बोटानं वाजवून बघतेय. कान लावते, मान हलवते, पुढची घेते. दुकानदार आधी उत्साहात, मग कंटाळलेला, मग चक्क डुलक्या काढतोय. शेवटी एका गुंडीचा आवाज तिला पटतो. मग एक अंगण दिसतं. तिथं एक म्हातारी शेंगा सोलत बसलीये. गल्लीतून तोच आवाज येतो, टण्. म्हातारी मान वर न करता म्हणते, "आनलं वाटते." मागून एक शेळी निघून जाते. संपलं. एक गाणं नाही, एक सवलत नाही. दातारसरांनी ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली आणि चष्मा पुसला.

पुरस्कार तिथेच ठरला असता, पण त्याच दिवशी मुधोळहून लक्ष्मी नावाच्या बाईनं पाठवलेली चपलांची जाहिरात बघताना आमच्यातला एकजण म्हणाला, "थांबा जरा. ही शेळी मी पाहिलीय." पाहिलं तर खरंच तीच. अंगणही तेच, म्हातारीही तीच, फक्त या वेळी तिच्या पायात नव्या चपला. नकाशा काढला. दोन्ही गावं तेलंगणातली, पण एक आदिलाबाद जिल्ह्यातलं, दुसरं निर्मल जिल्ह्यातलं. शेळी इतकं चालत नाही, यावर समितीचं एकमत झालं. म्हणजे एकीनं दुसरीची चोरली, किंवा दोघींनी तिसऱ्याच कुणाची. दोन्ही नावं काढून टाका, असं निम्म्या समितीचं म्हणणं पडलं. दातारसर म्हणाले, आधी कुणीतरी जाऊन बघून या. माझं आजोळ यवतमाळकडचं, मला ती बोली समजते, आणि माझ्याकडे तेव्हा काम नव्हतं. मी गेले.

आदिलाबाद

थंडीचे दिवस होते आणि कापसाचा हंगाम. स्टेशनातून बाहेर पडले तर रस्त्याच्या कडेनं कापसाचे पुंजके उडत होते आणि मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. जिल्ह्याचे नुकतेच चार जिल्हे झाले होते, त्यामुळे गावभर रंगाऱ्यांची चंगळ. कुठे जुनी पाटी खरवडणं चाललेलं, कुठे नवी ओली. रिक्षावाल्याला विचारलं, जिल्हे वेगळे झाले त्यानं काय फरक पडला? तो म्हणाला, "काई नाई ताई. पहले मामाचं गाव जिल्ह्यात होतं, आता परजिल्ह्यात गेलं. मामा तिथंच हाय."

नाश्त्याला एका हॉटेलात शिरले. गल्ल्यावरचा माणूस आत आचाऱ्याशी तेलुगूत भांडत होता, शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याशी उर्दूत हवापाण्याचं बोलत होता आणि मला मराठीत विचारत होता की इडली घेता का पुरी. तिन्ही भाषांत त्याचा आवाज वेगळा लागायचा. आमच्याकडे चटणी दुसऱ्यांदा मागितली की वेटर त्याचं खानदान काढल्यासारखा बघतो. इथं मी नुसती वाटीकडे नजर टाकली तर शेंगदाण्याच्या चटणीचं भांडंच टेबलावर आलं, आणि ती इतकी झणझणीत होती की मला पुन्हा नजर टाकायची गरज पडली नाही.

बसस्टँडवर मात्र मी फसले. पाट्या तेलुगूत. मी एका कंडक्टरला माझ्या उत्तम हिंदीत विचारलं, त्यानं मान हलवली, मी चढले. बरंच अंतर गेल्यावर कळलं की गाडी निर्मलची आहे आणि त्यानं मान नाही म्हणून हलवली होती. सुदैवानं रस्ता तोच होता. इच्चोड्याला उतरा अन् तिथून दुसरी धरा, असं त्यानंच मला स्वच्छ मराठीत सांगितलं. आधी का नाही बोललात म्हटलं, तर म्हणाला, "तुमी हिंदीत इचारलं ना."

इच्चोड्याच्या पुढे सागाचं रान लागलं. पानं वाळून तपकिरी झालेली. मधूनच झाडी संपे आणि पांढरं शेत समोर येई, पुन्हा झाडी. खिडकीशी बसलेल्या बाईनं मला हरभऱ्याची गड्डी दिली. ती कुठली, मी कुठली हे विचारायच्या आधीच आम्ही दोघी घाटे सोलून खायला लागलो होतो.

बाजारहत्नूर

शारदा स्टँडवर आली होती. पंचविशी ओलांडलेली, बारीक, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघणारी. घरचा भाजीपाल्याचा मळा आणि थोडं कापसाचं शेत. अंगणात पाऊल टाकलं आणि मी आधी शेळीलाच ओळखलं. मग म्हातारीला. ती शारदाची सासू, बायजाबाई. ती तेव्हाही शेंगाच सोलत होती आणि तिनं तेव्हाही मान वर केली नाही.

"हे शेळीवाल्या म्याडम का?" तिनं विचारलं.

शेजारी लक्ष्मीही होती. मला वाटलं होतं की दोघींना वेगवेगळं गाठावं लागेल, कदाचित जरा कडक बोलावं लागेल. दोघी एकाच चटईवर बसून एकाच ताटलीतले शेंगदाणे खात होत्या. लक्ष्मी तेलुगू घरातली, शारदाच्या शेजारची. चपलांचं दुकान तिच्या भावाचं, मुधोळला. म्हणून पत्ता मुधोळचा. जाहिरात करायला भावानं पिशवी भरून चपला इकडे पाठवल्या होत्या. मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेलं यात तिचा काय दोष, असं तिनं मला विचारलं. मलाही तो दिसेना.

शेळीचा उलगडा झाला. मी खूश होऊन खरा प्रश्न विचारला, की मग कुठली फिल्म कुणाची?

"भांड्याची माही," शारदा म्हणाली. "चपलाची लक्ष्मीची."

"भांड्यांच्या वेळी फोन कुणी धरला होता?"

"लक्ष्मीनं."

"आणि चपलांच्या वेळी?"

"मी."

"कापाकापी, जोडाजोडी?"

ती दोन्हींची सरितानं केली होती. सरिता नवऱ्याबरोबर फोन दुरुस्तीचं दुकान चालवते, फोनही तिचाच. गुंडी वाजवून घ्यायची कल्पना बायजाबाईंची, त्या आयुष्यभर तशाच घेत आल्या. दुकानात वाजवणारी बाई पोशक्का, जी स्टँडजवळ मिरचीभज्यांची गाडी लावते.

"मग यात तू काय केलंस?" मी विचारलं.

शारदानं लक्ष्मीकडे पाहिलं. लक्ष्मीच म्हणाली, "तिची बारी होती ना, म्याडम." हे म्हणजे सगळ्यात सोपं उत्तर आहे, अशा सुरात.

माझी पंचाईत झाली. आमच्या धंद्यात कोण काय करतं याच्या पाट्या असतात, आणि त्या पाट्यांवरून भांडणं होतात. इथं एकही पाटी नव्हती. मी दोघींना सरळ सांगितलं की हे असं जाऊन सांगितलं तर समितीला पटायचं नाही. फिल्म शारदाचीच आहे हे मला दाखवता आलं नाही तर दोन्ही नावं जातील.

"मले जायचं हाय, म्याडम," शारदा म्हणाली. आवाज शांत होता पण हातातला शेंगदाणा तिनं नुसताच धरून ठेवला होता. "सहा मईने कोनी शिकवन म्हनते तं मले शिकाचं हाय. घरी इचारलं, मालक हो म्हनले, सासूबाई बी हो म्हनल्या. पन फोन मीच धरला असं खोटं कसं सांगू? लक्ष्मी इथंच बसून हाय."

मला तिचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःचाही राग आला. पुरस्कार देण्यासाठी इतक्या लांब आलेली मी, आता तो काढून घेऊन जाणार होते.

रात्री ज्वारीची भाकर आणि आंबट पालेभाजी होती. शारदा तिला अंबाडी म्हणत होती, लक्ष्मी गोंगूरा. दोघी आपापल्या नावानं मला वाढत राहिल्या आणि दोन्ही नावांनी मी ती भरपूर खाल्ली. हात धुताना शारदा म्हणाली, "म्याडम, तुमी एक बारी घ्या. मग तुमालेच समजन."

माझी बारी

बारी, म्हणजे पाळी, घ्यायची तर आधी दुसऱ्याच्या बारीत राबावं लागतं. सावड म्हणतात ती हीच. आज सगळ्याजणी माझ्या शेतात, उद्या सगळ्या तुझ्या. शेत जिचं, तिच्या शब्दावर बाकीच्यांनी काम करायचं. कुणी किती वेचलं हे कुणी बघत नाही, आणि कापूस जिच्या शेतातला तिचाच. वेचणी अशीच चालायची. मग भांडेवाल्यानं शारदाला जाहिरात करतेस का विचारलं, तर तीही त्यांनी तशीच केली. दुसरी रीत त्यांना माहीतच नव्हती.

सकाळी दव असतानाच आम्ही शारदाच्या शेतात गेलो. कमरेला ओढणीची ओटी बांधून मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. कापूस इतका मऊ असतो म्हणून बोंडही मऊ असेल, हा माझा समज बोटांनी लवकरच दूर केला. बाकीच्याजणी दोन्ही हातांनी, गप्पा मारत, ओळीच्या टोकाला पोचल्या तेव्हा मी मागेच होते. बायजाबाईंनी माझ्या ओटीत हात घालून बघितला.

"म्याडम, तुमी कापूस वेचून राह्यल्या का पाला?"

ऊन चढलं, पाठ मोडली. मी दोनदा आशेनं सगळ्यांकडे पाहिलं पण कुणी थांबेना. मग शारदा शेताकडे एकदा नजर फिरवून म्हणाली, "झालं." त्याबरोबर सगळ्या कमरेत सरळ झाल्या, ओट्या रिकाम्या केल्या आणि चालायला लागल्या. निरोप नाही, आभार नाहीत. बारी जिची, तिनं झालं म्हणेपर्यंत कुणी जायचं नाही, आणि म्हटल्यावर रेंगाळायचं नाही.

दुपारनंतर माझी बारी. पोशक्काच्या भज्यांच्या गाडीची जाहिरात करायची ठरली. शारदा, लक्ष्मी, सरिता आणि पोशक्का गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"सांगा," शारदा म्हणाली. "काय दाखवाचं?"

मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दृश्यांना नाकं मुरडत आले. हे असं हवं होतं, ते तसं नको होतं. आता कुणीतरी मलाच विचारत होतं, तर डोकं ढिम्म. कढईतून वर जाणारा धूर उन्हात छान दिसेल असं वाटलं, म्हणून लक्ष्मीला सूर्याकडे तोंड करून फोन धरायला सांगितलं. तिनं सूर्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि धरला. पोशक्काला हसायला सांगितलं. एरवी ती खळखळून हसते. सांगितल्यावर मात्र दाढ दुखत असावी तसा चेहरा झाला. शेवटी मला सुचलं की शेळी हवीच. सरिता जाऊन शेळी घेऊन आली. शेळीनं भजी बांधायचे कागद खायला सुरुवात केली.

मी अधूनमधून विचारत होते, "बरं दिसतंय का?" त्या म्हणत होत्या, "बारी तुमची हाय." नाराजीनं नव्हे, अगदी मनापासून. मी उलटसुलट काहीही सांगितलं तरी करत होत्या. सरितानं मी म्हणेन तसं जोडलंही. मग आम्ही बघितलं. पोशक्काच्या जागी एक काळा ठिपका, गाडीला आग लागल्यासारखा धूर, आणि सगळ्यात स्पष्ट दिसणारी शेळी. पोशक्कानं मला एक भजं दिलं.

"राहू द्या आता," मी म्हणाले. "नंतर बघू."

संध्याकाळी लक्ष्मी पाणी घेऊन आली तेव्हा मी ओसरीवर त्या तिन्ही फिल्म पुन्हा पुन्हा बघत होते. ती शेजारी बसली. भांड्यांची शेवटाला आली, बायजाबाई "आनलं वाटते" म्हणाल्या आणि फिल्म संपली.

"हे म्हनाचं कोनी सांगतलं नव्हतं," लक्ष्मी म्हणाली. "सासूबाई आपल्या मनानंच म्हनल्या. आमाले वाटलं, आता दुकानाचं नाव घ्याचं राह्यलं, भाव सांगाचा राह्यला. शारदा तं म्हने, झालं. मी इचारलं काऊन? तं म्हने, झालं ना." मग जरा थांबून म्हणाली, "मी असती तं नाव घेतलं असतं."

आणि खरंच, चपलांच्या फिल्ममध्ये तिनं भावाच्या दुकानाचं नाव घेतलं होतं, म्हातारीच्या तोंडून, दोनदा. वाईट नव्हती ती. पण ती लक्ष्मीचीच होती, हे आता मला आंधळ्यानंही ओळखावं इतकं दिसायला लागलं. तीच माणसं, तोच फोन, तीच शेळी. शारदाच्या शब्दावर त्यांनी जे केलं त्यानं दातारसरांनी चष्मा पुसला, आणि माझ्या शब्दावर केलं तर गाडीला आग लागली. मला इतका आनंद झाला की मी उठून लक्ष्मीला मिठी मारली. तिचा पाण्याचा तांब्या लवंडला.

माझी फिल्म मी दातारसरांना पाठवून दिली. लाज वाटली, पण पाठवली.

स्टँडवर

सकाळी मी बसची वाट बघत पोशक्काच्या गाडीपाशी उभी होते. शारदा, लक्ष्मी आणि सरिता पोचवायला आल्या होत्या, बायजाबाईही शेळीसकट. फोन वाजला.

"हे काय पाठवलंयस?" दातारसर म्हणाले.

"तिसरी फिल्म. माणसं तीच, फोन तोच, शेळी तीच."

"ही कुणी केली?"

"मी."

पलीकडे ते हसायला लागले, आणि मागून आणखी कुणी कुणी हसल्याचं ऐकू आलं. समिती सगळी तिथेच असावी. सावड काय, बारी काय, मी सगळं सांगितलं. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "कळलं. शारदाचं नाव पक्कं. आणि त्या चपलांच्या बाईंनाही परत आत घ्या. आणि तू आपली संकलनच कर."

मी शारदाला सांगितलं. तिनं आधी विचारलं, "अन् लक्ष्मीचं?" तिचंही नाव राहिलंय म्हटल्यावर ती गाडीजवळच्या दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. लक्ष्मी तिच्या पाठीवर हात फिरवत तेलुगूत काहीतरी बोलत राहिली. बायजाबाई म्हणाल्या, "रडून राह्यली काऊन? जाऊन ये. शेळी मी पाहीन." माझेही डोळे भरून आले, आणि ते मिरचीनं नव्हे.

बस आली. मी चढले, खिडकी मिळाली. त्या मात्र हलल्या नाहीत. मी हात हलवला, जा आता म्हटलं, तरी तशाच उभ्या. शारदानं डोळे पुसले आणि खिडकीखाली आली.

"ताई, तुमची बारी अर्दी हाय," ती म्हणाली. म्याडमची मी ताई झाले होते. "तुमी झालं म्हनलंच नाई. कालपासून आमी तुमच्याच कामावर हावो."

पोशक्कानं तर सकाळपासून गिऱ्हाइकालाही जरा थांबा म्हणून ठेवलं होतं. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. ऊन आता शारदाच्या पाठीमागून येत होतं आणि पोशक्का कढईवर वाकून, माझ्याकडे अजिबात न बघता, आपल्याच नादात भजी उलटत होती. या वेळी मला विचार करावा लागला नाही.

"शारदा, सरिताचा फोन तू धर. तिथूनच. पोशक्का, एक गरम भजं इकडे खिडकीत दे. हसू नको."

पोशक्कानं कागदात भजं दिलं. खिडकीतून माझा हात बाहेर आला, आत गेला. मी कचकन चावले. मिरची जिभेला लागली, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी मी दुसरा घास घेतला. पोशक्का आपलं खळखळून हसली. ड्रायव्हरनं चहाचा ग्लास ठेवला, दार आपटलं, गाडी धडधडली. शारदा फोन धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती, नेहमीसारखी जरा जास्तच वेळ.

"झालं," मी भरल्या तोंडानं म्हणाले.

पाचहीजणी सरळ झाल्या. पोशक्का गिऱ्हाइकाकडे वळली, सरितानं फोन घेतला, शारदा आणि लक्ष्मी शेताकडच्या वाटेला लागल्या, मागे बायजाबाई आणि शेळी. एकीनंही वळून बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला तो शब्द इतक्यात म्हणायचा नव्हता.